मानस

ट्रेमध्ये मीठ पसरते मी,
आगरवाड्याच्या मिठागरातलं, जाडं, जरा ओलंच.
साहिशची आई पिशवी भरून देते,
पैसे काढले की रागावते.
या मिठात बोटाने आज भ.
काल म होता.
मधे फक्त एक रात्र गेली
आणि तेवढ्यात भच्या डोक्यावरची तुटकी रेघ
कुणीतरी सांधून टाकली.

साहिश हळर्णकर, इयत्ता चौथी.
घ आणि ध त्याला जुळे भाऊ वाटतात.
ख तर मधोमध फुटतो,
र एकीकडे जातो, व दुसरीकडे,
"खवळे" वाचताना घामाने ओला होतो हा मुलगा,
ज्याने सुरीच्या पाठीने
टोपलीभर मासळीची खवळं काढली आहेत.
"बाई, तीं हालतात," म्हणाला पहिल्या दिवशी.
मी पुस्तक घट्ट धरलं.
पुस्तक हलत नव्हतं.

एकदा विचारलं त्याने:
"पिशवी"तल्या पिला आधी प ऐकू येतो ना,
मग वेलांटी रांग मोडून पुढे कशी?
तेवीस वर्षं शिकवते आहे.
म्हटलं, तसंच असतं.
तो गप्प बसला,
असं उत्तर त्याला बऱ्याच जणांनी दिलं असावं.

मग तो धडा आला.
माणूस पाणी अडवतो.
त्याने वाचलं, "मानस पाणी अडवता."
नीट बघ, म्हटलं. णू आहे तिथे.
"मानस."
पहिलं अक्षर बघून ठोकून देऊ नकोस.
"मानस, बाई," तिसऱ्यांदा,
आणि कानाच्या पाळ्या लाल.
मी वहीत लिहिलं: अंदाजाने वाचतो.
खाली रेघ मारली.

शनिवारी शाळा सुटल्यावर तो मला बांधावरून घेऊन गेला.
एका बाजूला खाजन, एका बाजूला शापोरा नदी,
मधे चिऱ्याची कमान, तिच्यात लाकडी दारं,
काळी, शेवाळलेली.
भरती चढली की ती आपोआप मिटतात.
ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं,
आणि तिथेच त्याचा काका
रात्री सुंगटांना जाळं लावतो,
लिलावात घेतली आहे यंदा.
"ही मानस," साहिश म्हणाला.
"पाणी अडवता."

मी घाटावरची, गडहिंग्लजची.
माझ्या मानसात नुसतं मन होतं,
दार नव्हतं कधी.

चिऱ्यावरची ओली रेघ बघून तो म्हणाला,
अजून हातभर चढेल.
चढलं.
पण म्हणून काही त्याला वाचता येऊ लागलं नाही.
परीक्षेला भरतीचा पेपर नसतो,
आणि जूनमध्ये पाचवी आहे,
तिथल्या बाईंना मी अजून काही सांगितलेलं नाही.
काय सांगणार?
की चुकीचा शब्द त्याने बरोबर वाचला?

सोमवारी मिठात दोन शब्द काढले,
एकाखाली एक.
मानस.
माणूस.
त्याचं बोट पहिल्यावरून सरळ गेलं.
दुसऱ्यावर अडलं, मागे आलं,
ण पाशी थांबलं, मग त्याच्या खाली गेलं,
वळलं.
कालच्या चिमट्याने कापलेल्या बोटाला
मीठ झोंबलं असणार,
तो काही बोलला नाही.
पुन्हा वरून आला. पुन्हा खाली वळला.
बाहेर माध्यान्ह आहाराची ताटं वाजायला लागली.
"माणसाक शेंपडी आसा, बाई," तो म्हणाला,
"मानशीक ना."
आणि हसला,
एवढा मोठ्याने, की शेजारच्या वर्गातून
कुणीतरी भिंतीवर पट्टी आपटली.

दोन शब्दांना अकरा मिनिटं.
वहीतली ती ओळ मी खोडली नाही,
पुढे लिहिलं: माझाही.

त्याने ट्रे दोन्ही हातांनी हलवला,
मीठ सारखं केलं,
मग बोट चाटत
जेवायला पळाला.